लघवीच्या पिशवीचे आजार: बायकांची आणि पुरुषांची प्रतिकारशक्ती वेगळी वागते का?

आद्यकवीचे_गाव (४ ऑगस्ट)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षभरात आमच्या घरातली दोन माणसे एकाच आजाराने त्रासली, आणि दोघांचा त्रास इतक्या वेगळ्या वाटेने गेला की त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई ५१ वर्षांच्या आहेत. त्यांना वर्षातून तीन-चार वेळा उन्हाळी लागते: लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात कळ. गोळ्या घेतल्या की चार दिवसांत बरे वाटते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होते. सासरे ७२ वर्षांचे आहेत. त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग आयुष्यात पहिल्यांदा गेल्या दिवाळीत झाला. पण तो हटायला दोन महिने लागले, थंडी वाजून ताप येत राहिला आणि दोनदा औषध बदलावे लागले.

'बायकांची रचनाच तशी असते', एवढे उत्तर आम्हाला डॉक्टरांकडून मिळाले. मी अंबाजोगाईत शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे रचनेचा मुद्दा मला पटतो. पण रचना पुरुषांच्या बाजूने असेल, तर सासऱ्यांचे दुखणे एवढे का लांबले? शरीराची लढण्याची पद्धतच स्त्रीत आणि पुरुषात वेगळी असते का? यातले जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मांजरापट्टा (४ ऑगस्ट)

ताई, मला वाटते तुमच्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर पुरेसे आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटरचा असतो, पुरुषांचा १८ ते २० सेंटिमीटरचा. जंतूला पिशवीपर्यंत पोहोचायला बायकांमध्ये चार बोटांचेही अंतर नसते. सासऱ्यांचे वय ७२ आहे; त्या वयात प्रोस्टेट (पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) वाढलेली असते, लघवी पूर्ण होत नाही आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. यात प्रतिकारशक्तीचा वेगळा विचार करण्याची गरज मला दिसत नाही.

गोदातीर (५ ऑगस्ट)

मी नांदेडला एका तपासणी प्रयोगशाळेत काम करतो आणि बावीस वर्षे लघवीची कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाहत आलो आहे. मांजरापट्टा यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या नमुन्यांत विशीपासून सत्तरीपर्यंत सर्व वये असतात, पुरुषांचे नमुने मात्र बहुतेक साठीपुढचे असतात. दोघांच्याही नमुन्यात बहुधा तोच जंतू सापडतो, आतड्यात राहणारा ई. कोलाय. जगभरातही साध्या संसर्गांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक याच जंतूमुळे होतात.

माझा अनुभव असा की, तरुण बाईच्या नमुन्यात जंतूंबरोबर पांढऱ्या पेशींचा नुसता लोंढा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी ठेवली की सगळीकडे पू-पेशी. वयस्कर पुरुषांच्या काही नमुन्यांत जंतू भरपूर असतात, पण पेशी त्या मानाने कमी. मी डॉक्टर नाही आणि मोजदाद ठेवलेली नाही, म्हणून यावरून सिद्धांत मांडणार नाही. पण ताईंचा प्रश्न मला बिनबुडाचा वाटत नाही.

देवगिरी (६ ऑगस्ट)

मी मूळची छत्रपती संभाजीनगरची, सध्या पुण्यात रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करते. या धाग्यावर सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही फार उशिरा विचारला.

उशीर का झाला, ते आधी सांगते. मूत्राशयाच्या संसर्गाचे प्रयोग उंदरांवर होतात. मादी उंदराच्या मूत्रमार्गातून बारीक नळी सहज आत जाते, नराच्या मूत्रमार्गातून जाणे अवघड असते. त्यामुळे कित्येक दशके बहुतेक सगळे प्रयोग माद्यांवरच झाले आणि नरांमध्ये काय घडते हे कोणी पाहिलेच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने नळीची वाट सोडून छोटी शस्त्रक्रिया केली आणि जंतू थेट पिशवीत सोडले. म्हणजे मूत्रमार्गाच्या लांबीचा प्रश्नच त्यांनी बाजूला काढला. रचना हेच एकमेव कारण असते, तर नर आणि माद्या सारख्याच आजारी पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात नरांचा आजार अधिक तीव्र झाला, मूत्रपिंडापर्यंत गेला आणि तिथे गळवे झाली. वृषण काढलेल्या नरांना त्यापासून संरक्षण मिळाले, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर ते संरक्षण पुन्हा गेले.

पुढे २०१९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉली इंगरसोल यांच्या गटाने पुढची पायरी गाठली. सुरुवातीला दोघांच्या पिशवीत जंतू सारखेच होते. माद्यांच्या शरीराने लगेच आणि जोरात उत्तर दिले, संदेशवाहक प्रथिने भराभर वाढली, पेशी धावून आल्या आणि काही आठवड्यांत बहुतेक माद्या जंतुमुक्त झाल्या. नरांचे उत्तर उशिरा आणि मंद आले व संसर्ग त्यांच्या अंगात मुरला. माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्याही नरांसारख्या वागू लागल्या. या फरकाच्या मुळाशी इंटरल्युकिन-१७ हे प्रथिन निघाले. ते धोक्याची दवंडी देते आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना जागेवर बोलावते. माद्यांमध्ये हे प्रथिन निष्प्रभ केले, तेव्हा त्यांनाही जंतू हटवता आले नाहीत.

गोदातीर यांनी पट्टीवर पाहिलेला पांढऱ्या पेशींचा लोंढा म्हणजे हेच न्यूट्रोफिल. म्हणून ताईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर 'होय' असे आहे. जाऊबाईंच्या दारापर्यंत जंतू सहज पोहोचतो, पण तो आला की तिथला पहारा कडक असतो. सासऱ्यांच्या दारापर्यंतची वाट लांब आहे, पण जंतू एकदा आत शिरला की पहारा उशिरा जागा होतो, आणि त्यातच प्रोस्टेटची साथ मिळते. मांजरापट्टा यांनी सांगितलेले साचलेल्या लघवीचे कारण खरेच आहे. ते या कारणाला छेद देत नाही, त्यात भर घालते.

हिंगोलीकर (६ ऑगस्ट)

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावायचे का? आणि पहारा एवढा कडक असेल, तर जाऊबाईंना पुन्हा पुन्हा त्रास का होतो? एकदा लढलेल्या शरीराने दुसऱ्या वेळी जंतूला ओळखायला नको का? गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसे इथे का होत नाही?

देवगिरी (७ ऑगस्ट)

दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीचे उत्तर आधी देते, कारण ते मला स्वतःला फार महत्त्वाचे वाटते.

मूत्राशयाच्या आतल्या बाजूला छत्रीसारख्या रुंद पेशींचा थर असतो. ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला फिमएच नावाचे चिकट प्रथिन असते. त्या प्रथिनाने जंतू या पेशींना चिकटतो आणि त्यांच्या आतही शिरतो. शरीराचा उपाय असा की, बाधित पेशींचा थरच सोलून लघवीवाटे टाकून द्यायचा. उपाय प्रभावी आहे, पण त्यामुळे खालची नाजूक पेशी उघडी पडते, आणि उघड्या पेशींवर खारट, विषारी द्रव्ये असलेली लघवी फार काळ राहू देणे परवडणारे नसते. म्हणून थर लवकरात लवकर पुन्हा बांधणे हे शरीराचे पहिले काम होते. ड्यूक विद्यापीठात सोमन अब्राहम यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत हेच दाखवले: संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की पिशवीत जमणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जंतू मारण्यापेक्षा अस्तर दुरुस्त करण्याला झुकते माप देतात. घर शाकारले जाते, पण चोर ओळखून ठेवायचा राहून जातो. शिवाय काही जंतू खोलवरच्या पेशींत निपचित पडून राहतात आणि पुढे संधी मिळताच बाहेर येतात. त्यामुळे गोवरासारखी पक्की आठवण इथे तयार होत नाही.

पहिल्या शंकेबद्दल असे की, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी माणसातही खुणा आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलींपेक्षा मुलग्यांना लघवीचा संसर्ग जास्त होतो, पुढे हे प्रमाण उलटते. नेमक्या त्याच महिन्यांत मुलग्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन काही काळ वाढलेले असते. शिस्नाच्या अग्रत्वचेखाली राहणारे जंतू हेही त्याचे एक कारण आहे, त्यामुळे सगळे श्रेय संप्रेरकाला देणे बरोबर होणार नाही.

कयाधू (७ ऑगस्ट)

देवगिरीताई, हे वाचून डोळे भरून आले. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याला सतत ताप येत होता, बाळ दूध पीत नव्हते. घरातल्या सगळ्यांना वाटत होते की दृष्ट लागली. तापाचे कारण लघवीत सापडले तेव्हा मला कोणी खरे मानेना. 'मुलग्याला कुठे असले होते, ते तर बायकांचे दुखणे', असे सासूबाई म्हणाल्या. मुलगा बरा झाला, आता सहा वर्षांचा आहे. तान्ह्या मुलग्याला विनाकारण ताप असेल, तर लघवी तपासा, एवढे मी प्रत्येक आईला सांगत असते.

डॉ_सिंदफणा (८ ऑगस्ट)

मी बीड जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ताई, एक विचारायचे आहे: तुमच्या जाऊबाईंची पाळी गेली आहे का, आणि त्यांची गर्भपिशवी काढली आहे का?

हे विचारण्याचे कारण असे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असेपर्यंत योनीमार्गातील पेशींमध्ये ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लात ई. कोलायला बस्तान बसवणे जड जाते. पाळी गेल्यावर हे कुंपण मोडते. केवळ कुंपणच मोडते असे नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधनात दिसले की, पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन दिल्यावर मूत्रमार्गाच्या अस्तरातील जंतुनाशक पेप्टाइडे वाढतात आणि पेशींमधल्या सांध्यांची वीण घट्ट होते. त्याआधी, १९९३ मध्ये, इस्रायलमधील ९३ स्त्रियांवर झालेला प्रयोग आम्हाला शिकताना सांगितला जाई. योनीमार्गात इस्ट्रोजेनचे मलम लावणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, साधे मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका मोठा फरक वैद्यकात सहसा पाहायला मिळत नाही, आणि तरीही पन्नाशीच्या बाईला दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकाची नवी पट्टी लिहून दिली जाते, मलमाचा विचार कोणी करत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आद्यकवीचे_गाव (८ ऑगस्ट)

डॉक्टर, जाऊबाईंची गर्भपिशवी ३४ व्या वर्षी काढली. अंडाशय ठेवले की काढले, हे त्यांना सांगितलेच गेले नव्हते. कागद शोधते आहे.

पूर्णाकाठची_अनुसया (९ ऑगस्ट)

या एका वाक्याने माझ्यासमोर किती चेहरे उभे राहिले, ते सांगता येत नाही. मी ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये अनेक वर्षे काम करते. बीडमधील गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण गर्भपिशवी काढल्यानंतर लघवीचे काय झाले, हे त्यांना कोणी विचारले नाही. मी विचारते. तिशी-पस्तिशीतल्या बाया सांगतात, 'आगीसारखी लघवी होते, पण फडात कुठं जायचं?'

डॉक्टर, पस्तिशीत अंडाशय काढले गेले, तर हे कुंपण त्या वयातच मोडते असे समजायचे का?

डॉ_सिंदफणा (९ ऑगस्ट)

होय. दोन्ही अंडाशय काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घसरते आणि जे पन्नाशीत व्हायचे, ते त्या आठवड्यातच सुरू होते. केवळ गर्भपिशवी काढून अंडाशय ठेवले, तर तसे लगेच होत नाही, पण अंडाशय लवकर थकण्याची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर नेमके काय काढले ते लिहून घेणे, हा प्रत्येक बाईचा हक्क आहे.

मांजरापट्टा (१० ऑगस्ट)

सर्वांचे लेखन आदराने वाचतो आहे आणि पहिल्या प्रतिसादातले माझे मत मी बदलले आहे. केवळ रचना पुरेशी नाही, हे पटले. तरीही एक आक्षेप नोंदवतो, आणि तो मनापासून आहे.

संप्रेरके, टी-पेशी, इंटरल्युकिन यांच्या चर्चेत आपण आपल्या मुलखातले साधे कारण विसरता कामा नये. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया दिवसाला तीन-चार पेल्यांवर राहत होत्या. माझी आई त्यात होती. पाणी भरायचे तिने, वाटायचे तिने आणि शेवटी प्यायचेही तिने. त्या दोन महिन्यांत तिला दोनदा संसर्ग झाला. फडातली बाई, बसस्थानकावरची बाई, ज्या शाळेत शिक्षिकांसाठी बरे स्वच्छतागृह नाही तिथली बाई, या सगळ्याजणी लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. प्रतिकारशक्तीत फरक आहे असे म्हटले की, हे सगळे निसर्गाच्या खात्यात टाकून मोकळे होण्याची सोय होते. मला त्याची भीती वाटते.

पूर्णाकाठची_अनुसया (१० ऑगस्ट)

दादा, तुमची भीती खरी आहे. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, म्हणून बाई ताप अंगावर काढते. कोपीजवळ संडास नसतो. पहाटे तीनला अंधारात जाऊन आली की पुन्हा रात्रीच. यात टी-पेशींचा काही दोष नाही.

देवगिरी (११ ऑगस्ट)

मांजरापट्टा, तुमचा आक्षेप मी मनावर घेतला. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करू नयेत, असे मला वाटते. पाणी आणि प्रतिकारशक्ती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लघवीतले सर्वांत मुबलक प्रथिन म्हणजे मूत्रपिंडात तयार होणारे युरोमोड्युलिन; ते जंतूंच्या चिकट तंतूंना गुंडाळून टाकते आणि त्यांना पिशवीच्या भिंतीला धरू देत नाही. पण गुंडाळलेला जंतू बाहेर जायचा असेल, तर लघवी व्हायला हवी. प्रवाहच नसेल, तर हे जन्मजात संरक्षण वाया जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० तरुण स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. औषधाविना प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. स्वच्छतागृहाची मागणी ही प्रतिकारशक्तीचीच मागणी आहे, असे मी यापुढे माझ्या व्याख्यानांत सांगेन. हे मला तुमच्यामुळे सुचले.

हिंगोलीकर (११ ऑगस्ट)

आमच्याकडे उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी देतात. त्यात गुण वाळ्याचा किती आणि पाण्याचा किती, हा विचार आज प्रथमच मनात आला.

आद्यकवीचे_गाव (१४ ऑगस्ट)

जाऊबाईंचा कागद सापडला. दोन्ही अंडाशय काढले होते. म्हणजे सतरा वर्षे त्यांचे शरीर त्या कुंपणाविना लढते आहे.

आणखी एक गोष्ट, जी त्यांनी काल रात्री भीतभीत सांगितली. गेल्या दोन वेळा जळजळ नव्हतीच. लघवी फक्त लालसर झाली होती. दवाखान्यात त्यांनी नेहमीचा त्रास म्हणून सांगितले आणि नेहमीच्याच गोळ्या मिळाल्या. हे संसर्गाचेच लक्षण ना?

डॉ_सिंदफणा (१४ ऑगस्ट)

ताई, यात वेळ घालवू नका. वेदना नसताना लघवीतून रक्त जाणे, आणि तेही चाळिशीनंतर, हे संसर्ग म्हणून सोडून द्यायचे लक्षण नाही. या आठवड्यात लघवीची तपासणी आणि कल्चर, सोनोग्राफी आणि मूत्ररोगतज्ज्ञांकडून दुर्बिणीने पिशवीची तपासणी करून घ्या. बहुतेकांत गंभीर काही निघत नाही, पण पाहिल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

तेरणाकाठ (१५ ऑगस्ट)

हा धागा पहिल्या दिवसापासून वाचत होतो, लिहायचे धाडस होत नव्हते. आता लिहितो, कारण या ताईंच्या जाऊबाईंसाठी ते उपयोगी पडेल.

मी धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी, वय ६३. तीस वर्षे बिडी ओढली. चार वर्षांपूर्वी लघवीतून रक्त आले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, बिडी ओढता का? आणि पुरुषाच्या लघवीत असे रक्त दिसले की आधी गाठ शोधायची, असे म्हणून मला पुढे पाठवले. तीन आठवड्यांत दुर्बीण झाली, गाठ सापडली, वरच्या थरात होती, काढली.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीलाही तसेच रक्त जाऊ लागले. ती दुसऱ्या गावी होती. तिला अकरा महिने प्रतिजैविके दिली गेली. दरवेळी रक्त चार-आठ दिवसांत आपोआप थांबायचे, आणि गोळ्यांनी गुण आला असे सगळ्यांना वाटायचे. कल्चर एकदाही झाले नाही. दुर्बीण झाली, तेव्हा गाठ स्नायूत उतरलेली होती. लघवीची पिशवी काढावी लागली. अक्का दोन वर्षे जगली. आजार एक, आईबाप एक, गाव वीस मैलांवर. फरक एवढाच की तिचे रक्त 'बायकांचे दुखणे' ठरले. मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. जाऊबाईंना आजच न्या.

देवगिरी (१६ ऑगस्ट)

काका, तुमच्या अक्काबद्दल वाचून काय लिहावे ते सुचत नाही. तुम्ही लिहिलेत, हे फार मोठे काम केलेत.

हा अनुभव एकट्या तुमच्या घरचा नाही. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांना स्त्रियांच्या तीन ते चार पट होतो. पण स्त्रियांमध्ये त्याचे निदान अधिक पुढच्या टप्प्यावर होते, आणि रक्त जाण्याला संसर्ग समजणे हे त्याचे एक ठळक कारण आहे. पुरुषांचे प्रमाण जास्त असण्याला धूम्रपान आणि कारखान्यातली रसायने कारणीभूत आहेतच. १८९५ मध्येच जर्मनीत लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा आजार टिपला होता. तरी धूम्रपानाचा हिशेब वजा केला, तरी फरक उरतो, आणि तिथे पुन्हा मूळ प्रश्न येतो.

एक्स गुणसूत्रावर केडीएम६ए नावाचे जनुक आहे. स्त्रीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक प्रत्येक पेशीत निद्रिस्त केले जाते, पण हे जनुक त्या निद्रेतून निसटते, म्हणून स्त्रीला त्याच्या दोन चालू प्रती मिळतात. ते गाठ रोखणारे जनुक आहे. २०१८ मध्ये उंदरांत दाखवले गेले की, संप्रेरकांचा भाग वेगळा काढला तरी दोन एक्स असणे हेच मूत्राशयाच्या कर्करोगापासून काही अंशी संरक्षण देते. २०२२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गटाने दाखवले की, पुरुषी संप्रेरकामुळे गाठीत शिरलेल्या मारक टी-पेशी लवकर थकतात आणि लढणे सोडतात. त्यासाठी वापरलेला नमुना मूत्राशयाच्या गाठीचाच होता. २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सेडार्स-सायनाय केंद्राने तिसरी गोष्ट पुढे आणली. वयस्कर पुरुषांच्या गाठींतील पेशी कधीकधी वाय गुणसूत्रच गमावतात. अशा गाठी टी-पेशींना हतबल करतात आणि म्हणून वेगाने वाढतात. पण टी-पेशींचा लगाम सोडणाऱ्या नव्या औषधांना त्याच गाठी जास्त चांगला प्रतिसाद देतात.

म्हणजे संसर्ग असो वा गाठ, पुरुषाचे सैन्य उशिरा निघते आणि लवकर दमते. निसर्गाने बाईला इथे थोडे झुकते माप दिले होते. ते आपण निदानाच्या उशिराने घालवतो.

गोदातीर (१६ ऑगस्ट)

तेरणाकाठकाका, तुम्हाला गाठ काढल्यावर बीसीजी दिले होते का? आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर ज्या लशीची खूण आहे, तीच लस पिशवीत सोडतात, हे मला नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हते. क्षयाची ही लस १९२१ मध्ये प्रथम माणसाला दिली गेली, आणि १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयाच्या गाठीच्या ९ रुग्णांच्या पिशवीत सोडल्याचे प्रसिद्ध केले. आज पन्नास वर्षे होत आली, तरी वरच्या थरातल्या धोकादायक गाठींवर हाच मुख्य उपचार आहे. जिवंत पण दुबळा केलेला जंतू पिशवीच्या भिंतीला धरतो, त्याच्यामागे शरीराच्या पेशी धावत येतात आणि उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही त्यात मारल्या जातात. पिशवीची प्रतिकारशक्ती जागवून औषधासारखी वापरणे, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेरणाकाठ (१७ ऑगस्ट)

होय, सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा. नंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन मात्रा. चार वर्षे झाली, दुर्बीण स्वच्छ आहे.

कयाधू (१७ ऑगस्ट)

माझ्या मावशीचा त्रास मात्र वेगळा आहे. तिला पिशवी भरली की असह्य वेदना होतात, कल्चर नेहमी स्वच्छ येते, दुर्बिणीतही गाठ नाही. तिला 'मनाचा आजार आहे' असे सांगितले गेले. हेही प्रतिकारशक्तीशी संबंधित असू शकते का?

डॉ_सिंदफणा (१८ ऑगस्ट)

असू शकते. याला मूत्राशय-वेदना सिंड्रोम म्हणतात आणि तो स्त्रियांमध्ये कितीतरी पटींनी जास्त दिसतो. काही रुग्णांच्या पिशवीत लालसर व्रण असतात. त्यांचे वर्णन अमेरिकेतील गाय हनर यांनी १९१५ मध्येच केले होते, आणि त्या व्रणांभोवती दाहाच्या पेशी व मास्ट पेशी दाटलेल्या असतात. स्त्रीची तत्पर प्रतिकारशक्ती जंतूविरुद्ध उपयोगी पडते, तीच कधीकधी शत्रू नसतानाही शांत होत नाही. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या आजारांतले सुमारे ८० टक्के रुग्ण स्त्रिया असतात, ते याच कुळातले. मावशींची वेदना खरी आहे, हे त्यांना माझ्याकडून सांगा आणि मूत्ररोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

आद्यकवीचे_गाव (११ सप्टेंबर)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. जाऊबाईंना १९ ऑगस्टला संभाजीनगरला नेले. सोनोग्राफीत भिंतीवर लहानसा उंचवटा दिसला, दुर्बिणीने पाहिले तर गाठ होती. ती त्याच मार्गाने काढली. बायोप्सीत गाठ कर्करोगाचीच, पण स्नायूत शिरलेली नाही, असे आले. बीसीजी सुचवले आहे. जाऊबाईंनी आयुष्यात कधी बिडी ओढलेली नाही.

डॉ. सिंदफणा, मलमाबद्दलही तिथल्या डॉक्टरांशी बोलले. गाठीचे उपचार मार्गी लागले की त्याचा विचार करू, असे ते म्हणाले. सासऱ्यांचीही तपासणी करून घेतली. लघवी झाल्यावर त्यांच्या पिशवीत बरीच लघवी शिल्लक राहते, प्रोस्टेटचे औषध सुरू केले आहे. मांजरापट्टा, ते तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितले होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, आणि मी न विचारलेल्या प्रश्नाचेही. पहिली मात्रा येत्या मंगळवारी आहे. तेरणाकाठकाका, जाऊबाई घाबरल्या आहेत. त्या दिवशी काय करायचे, ते तुमच्या शब्दांत लिहाल का? मी त्यांना वाचून दाखवेन.

तेरणाकाठ (११ सप्टेंबर)

त्यांना सांगा, गाठ वेळेत सापडली आहे. माझ्या अक्काच्या वाट्याला हे आले नव्हते.

जाण्याआधी तीन-चार तास पाणी, चहा कमी घ्या, म्हणजे औषध पातळ होत नाही. बारीक नळीने औषध सोडतात, दोन मिनिटांचे काम आहे, दुखत नाही, थोडे चरचरते. मग दोन तास लघवी रोखून धरायची. मी पहिला अर्धा तास फेऱ्या मारत असे आणि नंतर ज्ञानेश्वरी काढून बसे. घरी आल्यावर सहा तास प्रत्येक वेळी बसूनच लघवी करायची, भांड्यात तेवढेच ब्लीचिंगचे द्रावण ओतायचे आणि पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचे, कारण ती लस जिवंत असते. त्या रात्री थोडी कणकण येईल, लघवीला जळजळ होईल. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे, असे मला नर्सबाईंनी सांगितले होते. पण ताप १०१ च्या वर गेला किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर त्याच दवाखान्यात फोन करायचा, गावातल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

जेवणात त्या दिवशी मिरची कमी ठेवा. आणि त्यांच्याबरोबर कोणीतरी असू द्या.